टायटॅनियमवर रंग चढवायचा तर: ॲनोडायझिंग पायरीपायरीने

ठाण्यात वागळे इस्टेटमध्ये किंवा नवी मुंबईत रबाळे-महापेच्या पट्ट्यात ॲनोडायझिंग (विजेने धातूवर त्याच्याच ऑक्साइडचा थर चढवणं) म्हटलं की डोळ्यांसमोर ॲल्युमिनियम येतं: सल्फ्युरिकची टाकी, मग डायची (रंगद्रव्याची) टाकी, मग सीलिंग (थराची छिद्रं बुजवणं). टायटॅनियमचा जॉब हातात आला की तीच पद्धत लावून बघितली जाते आणि तिथेच गाडी अडते. टायटॅनियमला डाय लागत नाही, सीलिंग लागत नाही आणि टाकीतलं काम मिनिटभराचं असतं. मात्र ॲल्युमिनियमच्या कामात खपून जाणारा तेलकट बोटाचा ठसा इथे सरळ रंगात उमटतो.

लहान गाळ्यात हे काम सुरू करू पाहणारे, डिप्लोमाचे प्रोजेक्टवाले, दागिने किंवा बाइकचे बोल्ट रंगवणारी हौशी मंडळी या सगळ्यांना उपयोगी पडेल असं इथे मांडलं आहे. माझं मत आधीच सांगून टाकतो: व्होल्टेज रंग निवडतं, पण तो रंग चांगला येणार की डागाळलेला, हे सफाई आणि जिगची (टाकीत जॉब धरून त्याला वीज पोहोचवणाऱ्या तारेची) पकड ठरवतात. म्हणून सप्लायपेक्षा सफाईवर जास्त लिहिलं आहे.

रंग येतो कुठून

उघड्या हवेत टायटॅनियमवर काही नॅनोमीटरचा ऑक्साइडचा थर आपोआप असतोच. हा धातू गंजत नाही तो त्याच्यामुळेच. जॉबला प्लस आणि टाकीतल्या दुसऱ्या पत्र्याला मायनस जोडला की पाण्यातला ऑक्सिजन धातूशी जुळतो, थर जाड होत जातो आणि मायनसच्या पत्र्यावर हायड्रोजनचे बुडबुडे सुटतात. थर स्वतः वीज अडवतो, त्यामुळे जेवढं व्होल्टेज दिलं तेवढ्यापुरताच तो वाढतो आणि थांबतो. ढोबळ हिशोब एका व्होल्टला सुमारे २ नॅनोमीटरचा.

हा थर पारदर्शक असतो. पावसाळ्यात ठाणे-बेलापूर रस्त्यावर सांडलेल्या तेलावर जसे रंग खेळतात, तसाच हा प्रकार आहे. थराच्या वरच्या बाजूवरून परतलेला प्रकाश आणि खालच्या धातूवरून परतलेला प्रकाश एकमेकांत मिसळतात. काही तरंगलांब्या एकमेकींना मारतात, काही बळकट होतात.

आकडे मांडून बघू. टायटॅनियम डायऑक्साइडचा अपवर्तनांक सुमारे २.४. ३० व्होल्टला थर झाला ६० नॅनोमीटरच्या आसपास. आत जाऊन परत येणाऱ्या प्रकाशाची वाट २ × २.४ × ६०, म्हणजे २८८ नॅनोमीटर. ही पिवळ्या प्रकाशाच्या तरंगलांबीच्या (साधारण ५७६ नॅनोमीटर) बरोबर निम्मी आहे. म्हणून पिवळा मारला जातो आणि डोळ्याला निळा दिसतो. ६० व्होल्टला वाट दुप्पट होते, आता तोच पिवळा बळकट होतो आणि जॉब सोनेरी दिसतो. हा हिशोब ढोबळ असला तरी प्रत्यक्षात दिसणाऱ्या रंगांशी छान जुळतो. जॉब तिरका धरला की छटा थोडी का सरकते, तेही यावरून कळतं: कोन बदलला की प्रकाशाची वाट बदलते.

माल कुठला आहे ते आधी बघा

शुद्ध टायटॅनियम ग्रेड १ ते ४ मध्ये मिळतं. सर्वात जास्त भेटणारा मिश्रधातू ग्रेड ५, त्यात ६ टक्के ॲल्युमिनियम आणि ४ टक्के व्हॅनेडियम. हाडाचे स्क्रू आणि इम्प्लांट बऱ्याचदा ग्रेड २३ मध्ये करतात. तो ग्रेड ५चाच कमी ऑक्सिजनचा, जास्त शुद्ध भाऊ. शुद्ध ग्रेडवर रंग झळाळून येतात. ग्रेड ५ मध्ये धातूच्या दोन अवस्था शेजारी शेजारी असतात आणि दोन्हींवर थर अगदी सारखा वाढत नाही, म्हणून रंग जरा मंद आणि किंचित दाणेदार वाटतो. यात कारागिराचा दोष नाही. गिऱ्हाइकाला हे आधीच सांगा आणि त्याच ग्रेडच्या, त्याच फिनिशच्या तुकड्यावर नमुना दाखवा.

गिरगाव-खेतवाडीकडच्या धातूच्या बाजारातून बार घेत असाल तर टेस्ट सर्टिफिकेट मागा आणि त्यावरचा हीट नंबर (एकाच वितळणीतल्या मालाला दिलेला नंबर) बारवरच्या नंबराशी जुळवा. घरगुती पारख म्हणजे चुंबक चिकटत नाही आणि घनता सुमारे ४.५, म्हणजे पोलादाच्या निम्म्याहून थोडी जास्त. पण या पारखीने ग्रेड कळत नाही.

सप्लाय

० ते १२० व्होल्टचा, करंट मर्यादित करता येणारा डीसी सप्लाय हवा. छोट्या जॉबला १ ते २ ॲम्पियर पुरतात. लॅमिंग्टन रोडवर ३० व्होल्टचे बेंच सप्लाय सहज मिळतात. त्यांतले काही सिरीजमध्ये जोडता येतात, पण मॅन्युअलमध्ये तशी परवानगी असेल तरच जोडा. कॉलेजात फक्त दाखवायचं असेल तर ९ व्होल्टच्या बॅटऱ्या सिरीजमध्ये लावूनही काम होतं.

डिमरस्टॅटला (व्होल्टेज कमी-जास्त करणाऱ्या ट्रान्सफॉर्मरला) ब्रिज रेक्टिफायर (एसीचा डीसी करणारा भाग) लावून काम करणारे लोक मी पाहतो. असं करू नका. साधा डिमरस्टॅट मेनपासून वेगळा नसतो, म्हणजे टाकीतलं पाणी थेट महावितरणच्या लाइनला जोडल्यासारखं होतं. मध्ये मेनपासून वेगळं करणारा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर असलाच पाहिजे. आणि तो असला म्हणजे निर्धास्त, असंही नाही. आयसोलेशनच्या पलीकडे दोन टोकांना दोन हात लागले तर भिंतीवरचं आरसीसीबी (गळती दिसली की लाइन तोडणारा स्विच) ट्रिप होत नाही, कारण त्याला ती गळती दिसतच नाही. ६० व्होल्टच्या वरचा डीसी ओल्या हाताला जिवावर बेततो. कोरडे रबरी हातमोजे, पायाखाली रबरी मॅट, सप्लाय बंद केल्याशिवाय टाकीत हात नाही, आणि हाताशी लाल बटण. एकट्याने रात्री काम करायचं नाही.

टाकी आणि द्रावण

टाकी एचडीपीई किंवा पॉलिप्रॉपिलीन प्लास्टिकची घ्या. द्रावणाला सुरुवातीसाठी ट्रायसोडियम फॉस्फेट सर्वात सोयीचं: एक लिटर डीएम (क्षार काढलेल्या) पाण्यात १५ ते ५० ग्रॅम. बाजारात त्याचे पाणीदार खडे मिळतात आणि कोरडी पावडरही मिळते. खड्यांच्या वजनात निम्म्याहून जास्त पाणीच असतं, त्यामुळे एकाचं माप दुसऱ्याला चालत नाही. द्रावण चांगलंच अल्कलाइन असतं, डोळ्यांना गॉगल हवाच. १०० व्होल्टच्या जवळ जायचं असेल तर द्रावण पातळ ठेवा. घट्ट द्रावणात थर लवकर फुटतो आणि जॉबवर ठिणग्या दिसू लागतात. मोठ्या कामात अमोनियम सल्फेट किंवा १० टक्क्यांच्या आसपासचं सल्फ्युरिकही वापरतात.

मीठ मात्र कधीच नाही. क्लोराइडमध्ये टायटॅनियमचा थर दहाएक व्होल्टलाच ठिकठिकाणी फुटतो आणि जॉबला बारीक खड्डे पडतात. नळाचं पाणी टाळायचं तेही याचसाठी, मग ते मोरबे धरणाचं असो की एमआयडीसीचं बारवी धरणाचं. क्लोरिनेशन केलेल्या पाण्यात क्लोराइड असतंच, शिवाय त्यातले क्षार सुकल्यावर पांढरे डाग सोडतात. डीएम पाण्याचे कॅन सगळीकडे मिळतात, तिथे काटकसर करू नका.

मायनसला स्टेनलेस ३१६ची जाळी किंवा टायटॅनियमचा पत्रा लावा. त्याचं क्षेत्रफळ जॉबइतकं तरी असावं, आणि जॉबला तो कुठेही टेकता कामा नये. टाकीवर हवा खेळती ठेवा, हायड्रोजन साठू देऊ नका.

जिग आणि पकड

द्रावणात बुडणारी प्लसच्या बाजूची प्रत्येक गोष्ट टायटॅनियमची हवी. तांब्याची तार किंवा स्टीलचा हूक बुडाला तर सगळा करंट तिथूनच पळतो. तार विरघळते, द्रावण खराब होतं आणि जॉबवर रंग चढत नाही. मगर चिमटा नेहमी पाण्याच्या वर. ग्रेड २ची साधारण १ मिलिमीटरची तार बहुतेक कामांना पुरते, वाकवून तिचा स्प्रिंगसारखा दाब जॉबवर बसला पाहिजे.

आता एक बारकावा. जॉबबरोबर तारेवरही ऑक्साइड चढतो आणि ऑक्साइड वीज अडवतो. दुसऱ्या खेपेला तीच तार तशीच वापरली की मल्टिमीटर ठीक दाखवतो, पण जॉबला पुरतं व्होल्टेज पोहोचत नाही आणि निळ्याऐवजी जांभळा येतो. दर खेपेआधी तारेचं टोक कानसीने घासून उघडं करा. पकड ढिली असेल तर त्या जागी ठिणगी पडून काळा खड्डा होतो. जिथे तार टेकते तिथे छोटी खूण राहणारच, म्हणून जागा विचारपूर्वक निवडा: आटे, डोक्याची खालची बाजू, अंगठीची आतली कड.

सफाई

पहिलं, फिनिश. आरशासारखा बफ केलेला जॉब, स्कॉच-ब्राइटने घासलेला जॉब आणि काचेच्या मण्यांनी ब्लास्ट केलेला जॉब एकाच व्होल्टेजला तीन वेगळे रंग वाटतात, इतका फरक पडतो. बफिंगचा मेणचट साबण खाचांत अडकून राहतो, तो पुढे सर्वात जास्त त्रास देतो. टायटॅनियम घासताना उडणारी बारीक भुकटी पेट घेते आणि पेटली की पाणी ओतून विझत नाही, उलट भडकते. भुकटी साठू देऊ नका, कोरडी वाळू जवळ ठेवा.

दुसरं, तेल काढणं. ॲसिटोनने पुसून घ्या, मग ५० ते ६० अंशांच्या अल्कलाइन डिटर्जंटमध्ये अल्ट्रासॉनिकला (ध्वनिकंपनांनी मळ सोडवणाऱ्या टाकीत) दहाएक मिनिटं. स्क्रू असेल तर आट्यांत आणि आरपार भोक असेल तर त्याच्या आत कटिंग ऑइल दबून बसतं. वरून जॉब चकचकीत दिसतो, पण टाकीत गेल्यावर ते तेल हळूहळू बाहेर झिरपतं आणि आट्यांच्या कडेने तपकिरी ओघळ उमटतो. अशा जॉबला भोकातून सिरिंजने डिटर्जंट मारा आणि अल्ट्रासॉनिकमध्ये त्याची दिशा बदला. मिथेनॉल वापरू नका. कोरड्या मिथेनॉलमध्ये ताणाखालच्या टायटॅनियमला तडे जाऊ शकतात. आयसोप्रोपिल अल्कोहोल चालतं. क्लोरीनवाली सॉल्व्हंटंही नकोत.

तिसरं, पाण्याची परीक्षा. जॉब डीएम पाण्यात बुडवून बाहेर काढा आणि अर्धा मिनिट उजेडात धरा. पाण्याची पापुद्र्यासारखी अखंड चादर राहिली तर जॉब स्वच्छ. चादर फाटून कुठे थेंब गोळा झाले, कुठे पाणी मागे सरकून कोरडी बेटं दिसली तर तिथे तेल आहे. पुन्हा धुवा. या परीक्षेत जॉब नापास असेल तर व्होल्टेज कितीही काटेकोर ठेवा, रंग डागाळणारच. पास झालेल्या जॉबला उघडं बोट लावायचं नाही. नायट्राइलचे हातमोजे घाला, तेही ताजे, आधी मशीनवर वापरलेले नाहीत.

एचिंगबद्दल स्पष्ट बोलतो

साधारण ७० व्होल्टपर्यंतचे रंग चांगल्या सफाईवर येतात. त्यापुढचा मोरपिशी आणि हिरवा नीट हवा असेल तर जुना असमान थर ॲसिडने काढून लगेच टाकीत जावं लागतं. कारखान्यात यासाठी नायट्रिक आणि हायड्रोफ्लोरिकचं मिश्रण वापरतात. त्यात नायट्रिक हायड्रोफ्लोरिकच्या किमान १० पट ठेवतात, कारण ते प्रमाण घटलं तर धातू हायड्रोजन शोषून ठिसूळ होतो.

हायड्रोफ्लोरिक ॲसिड घरी, गच्चीवर किंवा कॉलेजच्या कोपऱ्यात वापरायचं नाही. ते त्वचेतून आत शिरतं आणि रक्तातलं कॅल्शियम बांधून टाकतं. पातळ द्रावणाचा दाह काही तासांनी जाणवतो, तोवर आत इजा झालेली असते. मोठा भाग भाजला तर हृदय बंद पडू शकतं. अमोनियम बायफ्लोराइडची पावडर त्यामानाने सौम्य म्हणून विकली जाते, पण पाण्यात पडली की तिच्यातूनही तेच ॲसिड तयार होतं. जिथे हे वापरतात तिथे एग्झॉस्ट, प्रशिक्षित माणूस, पूर्ण चेहऱ्याचं शील्ड आणि २.५ टक्के कॅल्शियम ग्लुकोनेटची जेल हाताशी हवी. अंगावर उडालं तर लगेच भरपूर पाण्याने धुवा, जेल चोळा आणि जेल चोळत चोळतच हॉस्पिटल गाठा. दुखत नाही म्हणून थांबू नका. काचेच्या भांड्यात ते ठेवता येत नाही, काच खातं.

लहान युनिटला माझा सल्ला: हिरव्याचा मोह सोडा, नाहीतर एचिंगची परवानगी आणि सोय असलेल्या युनिटकडून तेवढं काम करून घ्या. ब्लास्ट केलेल्या पृष्ठभागावर सोनेरी, निळा आणि जांभळा हे तीन रंग सुंदर येतात आणि बहुतेक मागणी त्यांचीच असते.

प्रत्यक्ष रंग चढवताना

जॉब जिगवर लावा, पूर्ण बुडवा, हलवून चिकटलेले बुडबुडे सोडवा. करंटची मर्यादा आधी लावा, छोट्या स्क्रूला अर्धा ॲम्पियरही चालतो. मग सप्लाय सुरू करून व्होल्टेज हळूहळू चढवा.

रंग डोळ्यांदेखत सरकत जातात. १० व्होल्टच्या सुमाराला फिकट पितळी झाक, मग तपकिरी-सोनेरी. २०च्या आसपास जांभळा, आणि तो फार थोडा वेळ दिसतो. २५ ते ३०ला गडद निळा. ३५ ते ५० मध्ये निळा विरळ होत आकाशी, मग जवळजवळ चंदेरी. ५५ ते ६०ला पिवळा-सोनेरी. ६५ ते ७०ला गुलाबी, ७५ ते ८०ला जांभळा पुन्हा. ८५ ते ९०ला मोरपिशी आणि १००च्या जवळ हिरवा. खरा लाल आणि काळा या पद्धतीत मिळत नाही, तशी ऑर्डर घेऊ नका. आकडे मालागणिक आणि द्रावणागणिक २-४ व्होल्टने हलतात, म्हणून स्वतःच्या टाकीचा तक्ता स्वतः बनवा. एक पट्टी घ्या, ५ व्होल्टच्या टप्प्याने थोडी थोडी वर काढत जा, सगळे टप्पे एकाच पट्टीवर मिळतात.

हवं ते व्होल्टेज गाठलं की करंटकडे बघा. आधी तो भरपूर असतो, मग थर जाड होतो तसा घसरत जातो आणि अगदी थोड्यावर स्थिरावतो. स्थिरावला की काम झालं, सहसा मिनिटाच्या आत. तो घसरतच नसेल तर कुठेतरी दुसरा धातू बुडालाय किंवा थर फुटतोय.

चढलेलं व्होल्टेज मागे नेऊन रंग मागे येत नाही. जांभळा हवा होता आणि निळ्यावर गेला तर थर काढून पहिल्यापासून करावं लागतं. म्हणून शेवटचे ३-४ व्होल्ट अगदी सावकाश. मध्येच वीज गेली तर घाबरू नका, आलेला थर तसाच राहतो. वीज आल्यावर पुन्हा चढवत न्या, उरलेलं तिथूनच पुढे वाढेल.

याच गुणाचा फायदा दोन रंगांच्या कामात होतो. जास्त व्होल्टेजचा रंग आधी, बाकी भाग व्हिनाइल टेप किंवा नेलपॉलिशने झाकून. मग मास्क काढा आणि संपूर्ण जॉब कमी व्होल्टेजला चालवा. जाड थराच्या जागी काही होत नाही, उघड्या भागावर दुसरा रंग येतो. उलट क्रमाने केलं तर दुसरा रंग पहिल्याला गिळतो.

धुणं, सुकवणं आणि तपासणी

सप्लाय बंद, मग जॉब बाहेर. डीएम पाण्याच्या दोन टाक्यांतून काढा आणि तेल-पाण्याचा फिल्टर लावलेल्या कोरड्या हवेने सुकवा. जून ते सप्टेंबर आपल्याकडे हवेतच इतकं पाणी असतं की जॉब नुसता ठेवला तर थेंबांच्या कडा उमटतात. कंप्रेसरच्या नळीतूनही पाणी येतं, ते आधी काढून टाका. ओला जॉब आणि सुका जॉब वेगळ्या रंगाचा दिसतो, त्यामुळे निर्णय सुकल्यावरच आणि रोज एकाच दिव्याखाली करा.

बोट लागलं की रंग त्या जागी बदललेला वाटतो. आयसोप्रोपिलने पुसलं की मूळ रंग परत येतो, थर बिघडलेला नसतो. पण थर फार तर २०० नॅनोमीटरचाच असतो, किल्ल्यांबरोबर खिशात घासला की कडांवरचा रंग उडतो. गिऱ्हाइकाला घासाला टिकणारं, आटे जाम न होऊ देणारं कोटिंग हवं असेल तर हा रंगीत प्रकार त्याच्या कामाचा नाही. त्यासाठी राखाडी दिसणारं, विमान उद्योगात एएमएस २४८८ या मानकाप्रमाणे टाइप २ म्हणून मागितलं जाणारं अल्कलाइन ॲनोडायझिंग वेगळं असतं. त्याहून जाड, मायक्रोमीटरमध्ये मोजायचा थर हवा असेल तर शेकडो व्होल्टवर ठिणग्यांखाली चालणारी प्लाझ्मा पद्धत. या दोन्ही गोष्टी फॉस्फेटच्या बादलीत होत नाहीत.

हाडाचे स्क्रू आणि प्लेट यांना रंग देतात तो मापं पटकन ओळखता यावीत म्हणून. अशा जॉबला रंग जुळला एवढ्यावर भागत नाही. मेडिकल डिव्हाइसेस रूल्स, २०१७ लागू होतात, आयएसओ १३४८५ची गुणवत्ता व्यवस्था लागते आणि प्रत्येक पायरी व्हॅलिडेट केलेली हवी. ती तयारी नसेल तर नुसतं जॉबवर्क म्हणूनही असं काम अंगावर घेऊ नका.

प्रत्येक बॅचची नोंद ठेवा: ग्रेड, हीट नंबर, फिनिश, द्रावण कधी बनवलं, शेवटचं व्होल्टेज, थांबतानाचा करंट. जोडीला त्याच बॅचचा एक तुकडा पाकिटात. सहा महिन्यांनी गिऱ्हाईक “मागच्यासारखाच निळा” मागतं तेव्हा हेच उपयोगी पडतं.

वापरलेल्या द्रावणाचं काय

फॉस्फेटचं द्रावण महिनोन्‌महिने चालतं. गढूळ झालं किंवा त्यात दुसरा धातू उतरला की बदला. ते गटारात ओतायचं नाही. टीटीसी (ठाणे-बेलापूर) औद्योगिक पट्ट्यातले नाले ठाणे खाडीला मिळतात. तिथलं फ्लेमिंगो अभयारण्य २०२२ पासून रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) आहे, आणि फॉस्फेट पाण्यात गेलं की शेवाळ माजतं. युनिट असेल तर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती आधी घ्या, द्रावण न्यूट्रल करून सामायिक प्रक्रिया केंद्राच्या अटींप्रमाणेच सोडा. फ्लोराइड असलेलं पाणी वेगळ्या ड्रममध्ये ठेवतात, चुन्याने त्यातलं फ्लोराइड कॅल्शियम फ्लोराइडच्या रूपात खाली बसवतात, आणि तो गाळ २०१६च्या घातक कचरा नियमांप्रमाणे तळोज्याच्या सामायिक सुविधेसारख्या अधिकृत ठिकाणीच जातो. ड्रमवर तारीख, आत काय आहे आणि कुणी भरलं, हे मराठीत आणि हिंदीत ठळक लिहून ठेवा. गाळ्यातली माणसं बदलत राहतात आणि ड्रम उघडणारा दर वेळी तुमच्याच शिफ्टचा नसतो.